विश्लेषण : टॉवरवर कोणती केबल? उत्तर शोधणाऱ्या पहिल्या डॉक्टरची गोष्ट

उघड्यावर, उंचावर, उन्हापावसात आणि विजांच्या कडकडाटात टिकेल अशी संदेशवाहक तार कशी निवडायची, हा प्रश्न आज यवतमाळ जिल्ह्यात ऑप्टिकल फायबरच्या निमित्ताने पडतो. भारतात तो पहिल्यांदा पडला तो विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरला. त्याने दिलेली काही उत्तरे अजून खरी आहेत आणि काहींची किंमत देशाला नंतर मोजावी लागली. त्याचे आयुष्य आणि आजच्या केबलची निवड यांचा हा मागोवा.

यवतमाळमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा का?

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा नदी, पुसद-उमरखेडकडे डोंगररांगा, पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे जंगल आणि उरलेल्या बहुतेक भागात कापसाची काळी जमीन. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात रोवलेला खांब कलतो आणि पुरलेल्या पाइपवर ताण येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जूनच्या तोंडाशी वळवाचा पाऊस वादळ आणि विजा घेऊन येतो. गावात माकडे, टॉवरच्या पायथ्याशी उंदीर-घुशी आणि झाडावरून केबलवर उतरणाऱ्या खारी आहेतच.

अशा ठिकाणी टॉवरवरची केबल तुटली तर नुकसान फक्त व्हिडीओ पाहणाऱ्यांचे होत नाही. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र बंद पडते, पीक विम्याचा अर्ज अडकतो, बँक मित्राकडचे पैसे निघत नाहीत, रुग्णवाहिकेसाठी फोन लागत नाही. केबल स्वस्त की महाग, यापेक्षा ती या हवेत, या मातीत टिकते की नाही, हा हिशेब मोठा ठरतो. ओशॉनेसीने हाच हिशेब मांडला होता.

ओशॉनेसी कोण होता?

जन्म १८०८च्या सुमारास, आयर्लंडमधील लिमरिकचा. एडिंबरा विद्यापीठातून त्याने १८२९ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. लंडनमध्ये डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळेना, म्हणून तो रसायनशास्त्राकडे वळला. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची साथ आली. तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या या तरुणाने रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे दाखवून दिले. म्हणजे हरवलेले पाणी आणि मीठ शरीराला परत द्यायला हवे. त्या काळी कॉलऱ्याच्या रुग्णाचे रक्त काढण्याची पद्धत होती, हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे मोल कळते. १८३२ मध्ये थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने हा धागा पकडून रुग्णांच्या शिरेतून मिठाचे पाणी दिले. आजच्या सलाइनची सुरुवात तिथली.

हे श्रेय पदरात घेऊन इंग्लंडमध्ये बसण्याऐवजी ओशॉनेसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सहायक शल्यचिकित्सक म्हणून कोलकात्याला आला. तिथे नव्याने निघालेल्या मेडिकल कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवू लागला. भांग-गांजाचा औषधी उपयोग त्याने प्रयोग करून तपासला आणि १८३९ मध्ये त्यावर निबंध मांडला. युरोपच्या वैद्यकात या वनस्पतीचा शिरकाव झाला तो प्रामुख्याने त्याच्यामुळे. १८४३ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. इथल्या माणसांना जे ठाऊक आहे ते आधी ऐकायचे, मग प्रयोगशाळेत तपासायचे, ही त्याची सवय तारेच्या कामातही दिसते.

डॉक्टर तारेकडे कसा वळला?

१८३९ मध्ये, इंग्लंडमध्येही विजेचे तारयंत्र नुकतेच रांगू लागले असताना, त्याने कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर सुमारे २१ मैल तार ताणली आणि तीतून खुणा पाठवून दाखवल्या. त्याच प्रयोगात त्याने हुगळी नदीच्या पात्रातूनही तार नेली. पाण्यात वीज वाहून जाऊ नये म्हणून तारेवर डांबर, त्याभोवती चिरलेल्या वेताचे कवच आणि त्यावर डांबरात भिजवलेल्या सुताची गुंडाळी, अशी तिची रचना होती.

ही रचना जरा थांबून पाहावी. मध्ये संदेश वाहणारा गाभा, त्यावर पाणी अडवणारा थर, त्यावर मार सोसणारे चिलखत आणि सर्वांत वर ऊन-पाणी झेलणारे आवरण. आज टॉवरवर चढणारी केबल कापून पाहिली तर हाच क्रम दिसतो. तांब्याच्या जागी काचेचा तंतू आला, डांबराच्या जागी जेल किंवा पाणी शोषून फुगणारी पट्टी आली, वेताच्या जागी पोलादी पट्टी किंवा काचतंतूंचे कवच आले आणि डांबरी सुताच्या जागी काळे पॉलिथिलीन आले. प्रत्येक थराचे काम मात्र तेच राहिले.

कंपनी सरकारने तेव्हा या प्रयोगाकडे फारसे लक्ष दिले नाही. दहा वर्षे तो विषय पडून राहिला.

जाड लोखंडी सळईच का?

लॉर्ड डलहौसी १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि चित्र बदलले. १८५० मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर या प्रायोगिक मार्गाचे काम ओशॉनेसीकडे सोपवण्यात आले. समुद्रातून येणाऱ्या जहाजांची खबर राजधानीला आधी मिळावी, हा हेतू होता. दुसऱ्या बर्मा युद्धाच्या बातम्या १८५२ मध्ये याच तारेने कोलकात्याला पोहोचल्या आणि तारेची उपयुक्तता सरकारला पटली.

या कामात ओशॉनेसीने इंग्लंडची नक्कल नाकारली. तिकडे रेल्वेमार्गाच्या कडेने, राखणीच्या हद्दीत, बारीक तार ताणली जाई. इथे तोवर रेल्वेच नव्हती. तार जाणार होती ती शेतातून, जंगलातून, पुराच्या पात्रातून. म्हणून त्याने सुमारे ३/८ इंच जाडीची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची, लोखंडी सळई निवडली. सळई जड होती, पण माकड लोंबकळले, मोठे पक्षी बसले किंवा वादळ आले तरी ती चटकन तुटत नसे. गंजली तरी आतले लोखंड बराच काळ शिल्लक राही. गावच्या लोहाराला ती भट्टीत तापवून जोडता येई. दुरुस्तीसाठी लंडनहून माणूस किंवा सामान येण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

नदी ओलांडताना प्रश्न वेगळा होता. तिथे गटापर्चा हा रबरासारखा चीक चढवलेली तार वापरली गेली. पण जहाजांचे नांगर तळाशी घासत जात आणि तार ओढून तोडत. तेव्हा तारेला जड लोखंडी साखळीचा आधार देण्यात आला. म्हणजे एकाच मार्गावर, एकाच खात्यात, जमिनीवर एक तार आणि पाण्यात दुसरी. सगळीकडे एकच माल टाकून मोकळे होण्याचा सोपा मार्ग त्याने घेतला नाही.

पाच महिन्यांत ८०० मैल कसे झाले?

१८५२ मध्ये ओशॉनेसी तारखात्याचा प्रमुख झाला. नोव्हेंबर १८५३ मध्ये कोलकाता-आग्रा मार्गाचे काम सुरू झाले आणि मार्च १८५४ मध्ये सुमारे ८०० मैलांवरून पहिला संदेश पोहोचला. पुढे ही तार आग्र्याहून मुंबईकडे वळली. दुसरी शाखा मुंबईहून पुणे, सातारा, बेल्लारी, बेंगळूरु करत मद्रासला गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली तेव्हा देशात तीन हजार मैलांहून अधिक लांबीचे जाळे उभे होते.

हा वेग शिस्तीतून आला तसा माणसांतूनही आला. शिवचंद्र नंदी या बंगाली सहकाऱ्याला ओशॉनेसीने हाताशी धरले. डायमंड हार्बरच्या मार्गावरील सुरुवातीची यंत्रे चालवण्यापासून पुढे मोठे मार्ग टाकण्यापर्यंत नंदींनी कामे पाहिली. खांब म्हणून जिथे जे मिळेल ते वापरले गेले: कुठे साग, कुठे ताड, कुठे दगडी खांब आणि घाई असेल तिथे बांबू.

योगायोग असा, की ज्या १८५३ मध्ये हे काम सुरू झाले, त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात दिला. आजचा यवतमाळ जिल्हा त्याच वऱ्हाडाचा भाग. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून तो वेगळा निघाला, मग वणी जिल्हा म्हटला गेला आणि १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव त्याला मिळाले. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव दूरदेशीच्या बाजाराशी तारेने बांधला गेला. कापूस पिकवणाऱ्याला भाव सर्वांत शेवटी कळायचा, ही तक्रारही तितकीच जुनी.

त्याचे कुठे चुकले?

ओशॉनेसीची बाजू इथे लंगडी पडते. जाड सळईतून वीज सहज वाहते, त्यामुळे खांबावर विद्युतरोधक फार न बसवताही काम भागेल, असा त्याचा होरा होता. कोरड्या हवेत तो बऱ्याच अंशी खरा ठरला. पण पावसाळ्यात ओल्या खांबांतून वीज जमिनीत झिरपू लागली. घाईत रोवलेले बांबू आणि कच्चे लाकूड वाळवीने आणि ओलीने कुजले. संदेश अडखळू लागले. पुढे अनेक मार्ग रोधक बसवून, नवे खांब लावून पुन्हा बांधावे लागले.

त्याने स्वतः बनवलेले सुईचे संदेशयंत्रही मागे पडले. ते स्वस्त होते, इथेच बनत असे, पण संदेशाची लेखी खूण त्यात राहत नसे. १८५६ मध्ये तो रजेवर युरोपला गेला. त्याच वर्षी त्याला सर हा किताब मिळाला. मोर्सची पद्धत सरस आहे हे त्याने मान्य केले आणि स्वतःचे यंत्र बाजूला सारून मोर्स यंत्रे भारतात आणण्याची व्यवस्था केली. आपल्याच शोधाला रजा देणारे खातेप्रमुख विरळा.

१८५७च्या उठावात याच तारेने कंपनी सरकारला सावध केले. दिल्लीतील हालचालींची खबर मे महिन्यात अंबाल्याला पोहोचली ती तारेने. उठाव करणाऱ्यांनीही तारेचे महत्त्व ओळखले आणि अनेक ठिकाणी ती तोडली. ओशॉनेसीची तार सत्तेसाठी बांधली गेली होती, हे विसरून त्याचे कौतुक करता येणार नाही. लोकांच्या सुखदुःखाच्या तारा तिच्यावरून धावल्या, पण ते पुढे.

शेवट कसा झाला?

१८६०च्या सुमारास ओशॉनेसीने भारत सोडला तो कायमचा. १८६१ मध्ये त्याने ब्रुक हे आडनाव घेतले. नंतरची जवळपास तीन दशके तो सार्वजनिक जीवनापासून दूर राहिला. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधील साउथसी इथे त्याचे निधन झाले. त्याने रोवलेल्या तारखात्याची सेवा भारतात जुलै २०१३ पर्यंत चालली. कॉलऱ्यावरच्या त्याच्या निष्कर्षाला सर्वमान्यता मिळायला मात्र अनेक दशके जावी लागली.

मग आज टॉवरसाठी केबल कशी निवडावी?

पूर्वी टॉवरच्या पायथ्याशी रेडिओ यंत्र आणि वर अँटेना असे. दोघांना जोडणारी तांब्याची जाड कोअॅक्सियल केबल वरपर्यंत जाई आणि वाटेतच लहरींची बरीच शक्ती गिळे. ५० मीटरच्या टॉवरवर ती निम्म्यापर्यंत घटू शकते. आता रेडिओ यंत्र अँटेनाजवळ, वरच बसवतात. वर जातात ते फायबर आणि वीजपुरवठ्याची तार. काही ठिकाणी दोन्ही एकाच आवरणात असतात. अशा जोड-केबलमध्ये तांब्याची जाडी उंचीनुसार ठरवावी लागते. नाही तर ४८ व्होल्टचा पुरवठा वर पोहोचेपर्यंत पडतो.

तंतू कोणता, हा पहिला प्रश्न. गावाकडून टॉवरपर्यंत येणाऱ्या लांब मार्गासाठी सिंगल मोड तंतू घेतात. त्यातला प्रचलित प्रकार जी ६५२ डी. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला त्यात किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल एवढीच घट येते. टॉवरवर, पेटीत, कोपऱ्यांवर केबल वळवावी लागते. तिथे वाक सोसणारा जी ६५७ ए प्रकार उपयोगी पडतो. जी ६५२ डी तंतूला सुमारे ३० मिलिमीटर त्रिज्येचा वाक चालतो, तर जी ६५७ ए१ ला १० मिलिमीटरचा. हे आकडे नुसत्या तंतूचे. पूर्ण केबल ओढताना तिच्या जाडीच्या २० पट आणि बसवल्यावर १० पट त्रिज्या राखावी, हा सर्वसाधारण नियम.

दुसरा प्रश्न विजेचा. काच वीज वाहत नाही, म्हणून फायबरला विजेचे भय नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. केबलमध्ये पोलादी चिलखत किंवा पोलादी आधारतार असेल तर ती वीज वाहतेच. टॉवर हे परिसरातले सर्वांत उंच धातूचे बांधकाम. तिथे धातूची केबल घेतली तर तिचे चिलखत वर आणि खाली नीट अर्थिंगला जोडलेच पाहिजे. यवतमाळसारख्या विजांच्या पट्ट्यात ज्या ठिकाणी अर्थिंगची देखभाल होणार नाही, तिथे पूर्णपणे अधातू केबल घेणे शहाणपणाचे.

तिसरा प्रश्न उंदीर-खारींचा. पोलादी चिलखत दातांना सर्वांत चांगले अडवते, पण मग वरचा अर्थिंगचा प्रश्न उभा राहतो. मधला मार्ग म्हणजे काचतंतूंच्या धाग्यांचे किंवा पट्ट्यांचे कवच. ते कुरतडणाऱ्याच्या तोंडाला टोचते आणि वीजही वाहत नाही. पायथ्याच्या दोन-तीन मीटरला पाइपचे संरक्षण दिले तर धोका आणखी घटतो.

चौथा प्रश्न उन्हाचा. बाहेरच्या केबलचे आवरण काळे असते ते काजळीमुळे. ही काजळी सूर्याच्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकला वाचवते. इमारतीच्या आत वापरायची पिवळी किंवा पांढरी केबल टॉवरवर चढवली तर काही उन्हाळ्यांत तिचे आवरण तडकते. साध्या प्लास्टिकच्या बांधपट्ट्यांचीही तीच गत होते. म्हणून क्लॅम्प पोलादी किंवा ऊन सोसणारेच हवेत.

पाचवा प्रश्न उभ्या लांबीचा. जमिनीत आडवी राहणारी केबल टॉवरवर उभी लोंबकळते. जेल भरलेल्या सैल नळीत तंतू हळूहळू खाली सरकू शकतो आणि उष्णतेत जेलही खालच्या टोकाला उतरू शकते. म्हणून उभ्या मार्गासाठी घट्ट आवरणाचा किंवा कोरड्या जलरोधनाचा प्रकार बरा. केबलचे वजन जोडणीवर न येता ठरावीक अंतरावरच्या क्लॅम्पवर यावे. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता झोळाच्या तळाशी टपकते.

आणि टॉवरपर्यंत केबल कशी आणावी?

काळ्या जमिनीत पुरायची असेल तर पाइपमध्ये थोडी ढील आणि ठिकठिकाणी जादा केबलचे वेटोळे ठेवावे लागते. खांबांवरून न्यायची असेल तर स्वतःचे वजन पेलणारी, आतून अरामिड धाग्यांनी मजबूत केलेली अधातू केबल मिळते. तिची निवड खांबांमधील अंतर, वाऱ्याचा जोर आणि किती झोळ चालेल यावर होते. महापारेषणच्या उच्चदाब मनोऱ्यांसारख्या ठिकाणी वरच्या अर्थतारेच्याच पोटात फायबर असते. तिथे तीच तार वीज झेलते आणि संदेशही नेते. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेले जात आहे. त्याचे शेवटचे काही किलोमीटर टिकतात की नाही, हे अशाच निवडींवर ठरते.

निविदेत काय पाहावे?

ग्रामपंचायत, महाविद्यालय, सहकारी संस्था किंवा लहान इंटरनेट व्यावसायिक, ज्याला केबल विकत घ्यायची आहे त्याने दरपत्रकाच्या पलीकडे पाच गोष्टी लिहून मागाव्यात: तंतूचा प्रकार, आवरण बाहेरच्या वापराचे आहे का, कवच धातूचे की अधातू, पाणी अडवण्याची पद्धत आणि कमाल ताण. काम झाल्यावर ओटीडीआर यंत्राचा आलेख घेऊन ठेवावा. पुढे बिघाड झाला तर किती मीटरवर तुटले, हे जुन्या आलेखाशी ताडून पाहता येते. जवळच्या तालुक्यात जोडणीचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस आहे का, हेही आधी विचारावे.

ओशॉनेसीने सळई निवडताना गावचा लोहार विचारात घेतला, ती निवड टिकली. खांब आणि रोधक निवडताना पावसाळा विचारात घेतला नाही, तिथे काम पुन्हा करावे लागले. यवतमाळच्या टॉवरवर केबल चढवणाऱ्याने मृगाच्या पहिल्या पावसाआधी आपली यादी या दोन्ही बाजूंनी एकदा तपासून घ्यावी.